रानात नुसतं बसायचं होतं

हा ब्लॉग माझ्या नातीचा, प्रज्ञाचा. ती कॉलेजात शिकते, आणि सुट्टी लागली की पाठीला पिशवी अडकवून कुठंतरी निघते. यावेळी तिनं मला सोबत नेलं. परत आल्यावर म्हणली, "आजी, हे तूच लिही. मी लिहिलं तर तू म्हणशील, तसं झालंच नव्हतं." तिचं खरंय, मी म्हणलेच असते. माझी शाळा चौथीपर्यंत, पण पेपर रोज वाचते आणि फोनवर बोटानं लिहायची सवय लागलीय. तर वाचा आरामात, मी पण आरामातच सांगणार.

झालं असं की मी मेथी निवडत होते आणि प्रज्ञानं फोन माझ्या तोंडासमोर धरला. फोटोत एक निळा तंबू, मागं झाड. म्हणली, कन्नडच्या पुढं डोंगराला वनखात्याचं छोटं उद्यान हाय, रात्रभर तंबूत राहता येतं. मी तंबू बघितलाच नाही, झाड बघितलं. मी म्हणलं, "हा धावडा हाय." माझं माहेर त्याच डोंगराखालचं. लग्न होऊन करमाडला जाईपर्यंत मी आईसंगं रोज त्या रानात जायची. सरपणाला. सकाळी चढायचं, वाळलेलं वेचायचं, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन उतरायचं. इतकी वर्षं त्या रानात गेले, पण एकदा पण बसले नाही. बसायला फुरसत कुणाला होती! आईचा हात पाठीत बसायचा आणि खाकीवाला गार्ड दिसला की पळायचं. एकदा त्यानं आईची दोरी घेतली होती. दोरी गेली म्हणून आई दोन दिवस कुणाशी बोलली नव्हती.

मी प्रज्ञाला म्हणलं, "मला तिथं जाऊन नुसतं बसायचंय. काहीच करायचं नाय."

स्वयंपाकघरातून सुनेचा आवाज आला, "आई, तुम्ही तिथं जाऊन सडा टाकताल. पानं झाडून काढताल साऱ्या रानाची."

"लावा शर्यत," प्रज्ञा म्हणली. "आजी एक तास काही न करता बसली तर आठवडाभर भाकरी मी करीन. नाहीतर आजीनं मला तिची नवी शाल द्यायची."

शाल माझी आवडती. आणि प्रज्ञाच्या भाकरीला कडा नसतात, नकाशा असतो. पण शर्यत ती शर्यत.

तयारीला शहरातल्या शहागंज बाजारात गेले. बॅटरी घेतली, कानटोपी घेतली, आणि दुकानदारानं तीनदा "रहने दो खाला" म्हणल्यावर पण घासाघीस करून एक जाड टॉवेल घेतला. हा टॉवेल ध्यानात ठेवा. घरून बाजरीचं पीठ, ठेचा, वांगी, कांदे, तवा आणि परात. प्रज्ञा म्हणली, तिथं जेवण मिळतं. मी म्हणलं, मिळू दे.

डिसेंबरातली सकाळ, उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरापासून रिक्षा केली. रिक्षावाल्यानं परातीकडं बघितलं.

"अम्मा, शादी में जारे क्या?"

"जंगल में जा रही हूं. सोने."

"घर में झगडा हुआ क्या?" बिचारा लई काळजीनं म्हणला. "बोलो तो मैं समझाता बहू को."

प्रज्ञा हसून हसून लोळली.

बसस्टँडवरून कन्नडची लालपरी लागलीच होती. बायांना अर्धं तिकीट, त्यामुळं गाडीत आम्ही बायाच जास्त. खिडकी मिळाली तर वेरूळच्या पुढचा रस्ता बघत जा, हिवाळ्यात दोन्ही अंगाला हिरवं असतं, कपाशी फुटलेली असते. ज्यांना गाडी लागते त्यांनी मात्र घाटाआधी काही खाऊ नका. माझ्या शेजारच्या बाईनं ऐकलं नाही, केळी खाल्ली. पुढचं सांगत नाही.

कन्नडला उतरून स्टँडबाहेर भजी खाल्ली आणि उद्यानापर्यंत स्पेशल रिक्षा केली, तीनशे रुपये. शेअर गाड्या असतात पण त्या फाट्यावर सोडतात, पुढं चढ हाय, आणि माझे गुडघे चढाचं नाव काढलं की रुसतात.

उद्यान खरंच छोटं. फाटक, एक कार्यालयाची खोली, सहा तंबू, एक पाण्याची टाकी, संडास बांधलेले आणि स्वच्छ. मी आधी तेच बघितलं, तुम्ही पण बघत चला. तंबूचे नऊशे रुपये, त्यात दोघींच्या गाद्या आणि रग. माझ्या वयाच्या बायांनी आधीच बाज मागून घ्या, मागितली की देतात. तंबूत वाकून शिरायचं आणि वाकूनच निघायचं, त्यामुळं येता-जाता रानाला आपोआप नमस्कार होतो.

फाटकाजवळ मोठा बोर्ड. मी मोठ्यानं वाचला. झाडं तोडू नका, प्लास्टिक टाकू नका, प्राण्यांना खायला घालू नका, वाळलेली काटकी पण उचलू नका. नियम मोडणाऱ्याचा तंबू रद्द होईल.

"वाचलंस ना?" प्रज्ञा म्हणली.

"वाचलं की. चौथी पास हाय मी."

मग प्रज्ञा फोटो काढायला ओढ्याकडं गेली आणि मी बसले. धावड्याखाली, एका सपाट दगडावर. इतकं छान वाटलं म्हणून सांगू! वारा होता, सालईच्या झाडांचा वास येत होता. मनात म्हणलं, बघ आई, बसले.

आता पुढचं खरं सांगते, माझं मलाच उमगलं नाही. दगडापाशी एक काटकी पडली होती, वाळलेली, सरळ, अंगठ्याएवढी. अशी काटकी चुलीत सळसळ पेटते. ती मी बाजूला ठेवली, पायात येईल म्हणून. मग तिच्या पलीकडं दुसरी दिसली. मग पळसाखाली चार. मध्ये कधी उठले, कधी वाकले, काही ठाऊक नाही. गुडघ्यांनी पण तक्रार केली नाही, आश्चर्यच. ध्यानावर आले तेव्हा गवताचा पीळ देऊन मोळी बांधून झाली होती, चांगली मांडीएवढी, आणि मी नव्या टॉवेलची चुंबळ वळत होते. डोक्यावर ठेवायला. बोर्ड मी वाचला होता, पण हातांना कुठं वाचता येतं!

आणि तेवढ्यात मोटारसायकलचा आवाज. बघते तर खाकी कपडे.

मी या वयात काय करावं? पळता तर येईना. मी मोळीवर बसले. वरून लुगडं पसरलं, अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखं.

गाडीवरून उतरली ती गार्ड बाई निघाली. चोवीस-पंचवीसची पोरगी, टोपीखाली घट्ट वेणी, हातात वही.

"नमस्कार आजी. बरं हाय ना?"

"लई बरं हाय."

"कशावर बसलाय?"

"दगडावर."

"दगडाला काटक्या कवा फुटल्या?" तिनं वहीच्या टोकानं दाखवलं. एका बाजूनं चार टोकं बाहेर आली होती.

तेवढ्यात प्रज्ञा आली. तिनं माझ्याकडं बघितलं, मोळीकडं बघितलं, चुंबळीकडं बघितलं आणि कपाळाला हात लावला. "आजी! अर्धा तास! मी अर्धा तास गेले होते!"

"नियमानं तंबू रद्द करावा लागतो," गार्ड म्हणली. आवाज चढवला नाही, पण हसली पण नाही. "संध्याकाळच्या आत कन्नडला सोडायची सोय करते मी."

मी प्रज्ञाकडं बघितलं. पोरीनं शिकवण्या घेऊन कमावलेल्या पैशातून तंबू घेतला होता, महिनाभर आधी. आणि मी? साठ वर्षांनी या रानात बसायला आले, आणि पुन्हा तसंच, खाकीवाल्यानं हाकलल्यावर खाली उतरायचं.

उठले मी. म्हणलं, "मॅडम, पोरीचा काही कसूर नाय. मी वेचली. मला काढा, तिला राहू द्या. बोर्ड वाचला होता मी, खोटं नाय बोलत. इथंच वेचायची मी लहानपणी, रोज. हात गेला."

गार्डनं मोळी उचलून बघितली. गाठ उलटसुलट बघितली. मग म्हणली, "किती काटक्या?"

"मोजल्या नाय. पण कुठली कुठून उचलली ते सांगते."

"काहीही!"

"काहीही नाय. विचारून बघ."

"मग ठेवा परत. जिथली तिथं. मी बघते."

मी मोळी सोडली आणि निघाले. ही जाड पळसाखालची, तिची ओली बाजू मातीकडं होती. या दोन सालईच्या, आडव्या पडल्या होत्या, कैचीसारख्या. ही बारीक वारुळाच्या कडेची, हिच्यावरून मुंग्यांची वाट होती. मुंग्या अजून तिथंच घुटमळत होत्या, पूल गेल्यासारख्या. मी काटकी ठेवली आणि बघता बघता त्या चढल्या. एका जागी काटकी ठेवायला वाकले तर मातीत गोम वळवळत होती, घराचं छप्पर उडाल्यासारखी. मी तिला म्हणलं, घे बाई, तुझं छप्पर.

गार्ड माझ्यामागं मागं, प्रज्ञा तिच्यामागं. वरातच निघाली आमची. शेवटची काटकी धावड्याखाली ठेवली आणि कंबर धरून उभी राहिले.

"झालं?" गार्डनं विचारलं.

"झालं. आता सामान बांधू का?"

तिनं वही मिटली. "कशाला? मोळी कुठंय? मला तर दिसत नाय. मोळीच नाय तर तंबू कशापायी रद्द करू?"

प्रज्ञानं तिचा हातच धरला.

"पण तंबूपुढच्या चुलीला लाकूड लागलंच तर कार्यालयातून विकत घ्या," गार्ड जाता जाता म्हणली. "शंभर रुपये मोळी. वनखात्याच्या डेपोचं लाकूड असतं."

शंभर रुपये! रानात बसून लाकूड विकत! आईनं ऐकलं असतं तर तिथंच मटकन बसली असती. घेतलं मी. बाभूळ होती, अर्धी ओली, बांधलेली पण ढिली. मी पोहोचवणाऱ्या कारकुनाला तसं सांगितलं पण. तो म्हणला, "आजी, तुम्हीच या डेपोला." जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, मोळी घेताना दोन लाकडं एकमेकांवर आपटून बघा, खणखणीत वाजली तर वाळलेली.

धूर झाला, पण भाकरी झाली. फाटक लावायला गार्ड परत आली तेव्हा तिला हाक मारली. आधी नको म्हणली, मग ठेच्याचा वास आला. तीन भाकरी खाल्ल्या पोरीनं. चौथी डब्यात दिली. ती म्हणली, "आजी, खरं सांगू का, तुम्ही काटक्या ठेवताना मी मनात म्हणत होते, ही बाई एक तरी चुकेल. नाय चुकल्या."

"चुकून कसं चालेल? आई मारायची," मी म्हणलं. खरं तर आई कधी विचारायची नाही. तसंच लक्षात राहायचं.

रात्रीचं काही सांगण्यासारखं नाही. थंडी कडक असते, कानटोपी न्याच. मी आडवी झाले ती झोपलेच. टॉवेलाची चुंबळ अजून तशीच होती, तीच उशाला घेतली.

सकाळी प्रज्ञाच्या आधी उठले. तंबूतून वाकून निघाले आणि त्याच दगडावर जाऊन बसले. दव पडलं होतं, दगड गार. हात मांडीखाली दाबून घेतले, भरोसा नव्हता त्यांचा. समोर एक काटकी होती, कालचीच, मीच ठेवलेली. मी तिच्याकडं बघितलं. ती तिथं, मी इथं.

मग मोर ओरडला. वानरं आली, एक म्हातारी वानरीण माझ्यासारखीच दगडावर बसली, तिच्या पोरांनी तिच्या अंगावरून उड्या मारल्या तरी हलली नाही. ऊन आधी धावड्याच्या शेंड्यावर आलं, मग खोडावर, मग माझ्या पायाच्या बोटांवर. या झाडाचा शेंडा मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. लहानपणी नजर कायम खाली असायची, काटकीवर, नाहीतर पायवाटेवर, डोक्यावर ओझं घेऊन वर कोण बघतं? लई उंच असतो हो धावडा.

हात कधी मांडीखालून सुटले कळलं नाही. नुसते मांडीवर पडले होते.

"आजी," मागून आवाज आला, "एक तास दहा मिनिटं." प्रज्ञा रग गुंडाळून उभी होती, किती वेळची कोण जाणे. "कालचं माफ. हरले मी."

दुपारच्या गाडीनं निघालो. येताना रिक्षावाला म्हणला चढ नाही, उतार हाय, दोनशे द्या. फाट्यापर्यंत मी चालतच उतरले, म्हणलं तिथून बसू. त्याच वाटेनं उतरले, जिथून आम्ही ओझं घेऊन यायचो. हात हलवत उतरले. मध्येच मान वळवून मागं पण बघितलं, डोंगर दिसला. ओझं असलं की मान वळत नसते.

तर जाणाऱ्यांना सांगते, नक्की जा. दोघींचा मिळून दोन हजारांच्या आत कारभार होतो. डिसेंबर बरा, गाद्या बऱ्या, चहा गोड मिळतो, साखर कमी सांगायला लागते. लाकूड आपटून घ्या. काही उचलू नका.

घरी आले तर सुनेनं पिशव्या उघडल्या. मला ओळखते ती. चिंचा, बोरं, शेण्या, काय काय शोधत होती.

"आई, रानातून काय आणलं?"

"काही नाय."

"काहीच नाय?" तिनं पिशवी उलटी केली. टॉवेल पडला, अजून चुंबळीचाच, गोल. "हे काय?"

मी तो घेतला, पीळ सोडला, दोनदा झटकला आणि गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातला. मग आत येऊन पाटावर बसले. स्वयंपाकघरात प्रज्ञा पहिली भाकरी थापत होती. कडा नव्हत्याच. मी उठले नाही.