गोदीतला हमाल

एकेकाळी काही रेल्वे कंपन्यांच्या स्वतःच्या गोद्या असत आणि त्यांची जाहिरात करणाऱ्या देखण्या पुस्तिकाही कंपन्याच छापत. त्या जमवायचा मला नाद. जळगावात माझा छापखाना आहे. मागच्या हिवाळ्यात मी तिथल्याच एका सभागृहात त्यांचं प्रदर्शन भरवलं आणि सोबत स्वतःची एक पुस्तिका काढली.

अडचण एकच होती. माझ्याकडच्या जुन्या पुस्तिकांत जहाजं होती, क्रेन होत्या, टोपीवाले साहेब होते. कापसाच्या गाठी वाहणाऱ्या हमालाचा चेहरा कुठेच नव्हता. माझा फोटोग्राफर मित्र म्हणाला, "तूच उभा राहा की!" धरणगावच्या एका कापूस पिंजणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या आवारात धोतर नेसून, डोक्याला फडकं गुंडाळून मी गाठीला खांदा लावला. फोटो आम्ही संगणकावर पिवळट, जुनाट केला. खाली 'प्रातिनिधिक' असं लिहायचं होतं. पण त्या शब्दाने पानाची शोभा जाते, म्हणून 'गोदीतला खानदेशी हमाल' एवढंच छापलं.

प्रदर्शनाला धुळ्याहून एक वयस्कर गृहस्थ सुनेबरोबर आले; ती त्यांना नाना म्हणत होती. भिंतीवरच्या त्या फोटोपुढे बराच वेळ उभे राहिले. मग चपला काढून त्यांनी हात जोडले.

"हाऊ मना बाप शे," ते सुनेला म्हणाले. "मी धाकला व्हतू, तवय गोदीवर ग्यात. परत उनात नहीत."

मी शेजारीच होतो, कोटात आणि चष्म्यात. त्यांनी मला ओळखलं नाही. सुनेने पुस्तिका मागितली, ती मी दिली. "धुळ्याला आलात तर घरी या," म्हणत तिने पत्ताही सांगितला.

त्यानंतर अन्न गोड लागेना. शेवटी एसटी पकडून धुळ्याला गेलो.

पुढच्या खोलीत, देवांच्या शेजारी, भिंतीवर मीच होतो. चौकट, काच, कपाळावर गंधाचा टिळा, गळ्यात झेंडूचा ताजा हार. सून पाणी घेऊन आली. मी बसलोच नाही.

"नाना, हा फोटो माझा आहे. सोंग काढलं होतं मी."

सून आत निघून गेली. नाना जवळ आले, माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, मग फोटोकडे. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हात वर करून हार उतरवला.

"जित्ता माणूसना फोटूले हार घालतस नही, भाऊ. तुनं आयुष्य कमी व्हई."

आणि ते ओल्या बोटाने काचेवरचा टिळा पुसू लागले.

"तुमच्या वडिलांचा एखादा..." मी कसंबसं विचारलं.

"कधी काढेलच नही." मग त्यांनीच आत हाक मारून चहा मागवला. मी तो प्यायलो. मान वर झाली नाही.

घरी आल्यावर उरलेल्या पुस्तिकांतलं ते पान कापून काढलं. वाटून झालेल्या कुणाकुणाच्या घरी असतील, ते मला ठाऊक नाही.