सोडलेली वाट

माझे मामा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि गावी भुईमूग करू लागले. रानडुकरांसाठी त्यांनी शेताभोवती तीन फळ्या उभ्या केल्या. बाहेर बाभळीच्या काट्यांचं कुंपण, त्याच्या आत कमरेइतका खोल चर आणि चराच्या आत तारेला टांगलेले रिकामे डबे. "पहिली फळी तुटायचीच," ते म्हणायचे. "तिनं नुसता वेळ काढायचा. तेवढ्यात मागचे सावध होतात."

एका सकाळी आम्ही गेलो तर निम्मा भुईमूग उकरलेला. कुंपण मात्र जसंच्या तसं होतं, चराची कड ढासळली नव्हती. तुटलेल्या कुंपणावर मामा नुसते चिडले असते. या शाबूत कुंपणाकडे ते फितुराकडे बघावं तसे बघत होते. अभेद्य म्हणवणाऱ्या कशावरही माझा तेव्हापासून विश्वास बसत नाही. मनात येतं, मग आतली माणसं ये-जा कुठून करतात?

खुरांचे ठसे आम्हाला विहिरीकडे घेऊन गेले. तिथे काट्यांत हातभर फट होती, चरावर फरशी टाकलेली होती आणि तेवढ्या जागी तारही नव्हती.

"ही वाट कुणी ठेवली?"

"मीच," मामा म्हणाले. "सुरुंग पेरतानाबी आपल्या गस्तीला वाट सोडावी लागते."

तेवढ्यात मामी न्याहारी घेऊन त्याच फरशीवरून आत आली. मामांनी भाकरीला हात लावला नाही.

"येताना मागं बघितलंस का?" त्यांनी विचारलं.