जोह्यातलं वायफाय आणि ओल्या मूर्ती

तीन वाजता वैशालीची टेस्ट सुरू होणार होती. पावणेतीनला मी तिच्या खोलीच्या दारात स्टूल टाकून बसले. हातात माझा फोन, फोनवर सिग्नल मोजायचं ॲप. वैशालीने हेडसेट चढवला, लॅपटॉप उघडला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, आज नेट गेलं तर लॅपटॉप परत द्यायचा. मेल आलाय."

"नाय जाणार," मी म्हणाले. म्हणाले खरी, आणि ॲपवरचा आकडा पुन्हा एकदा बघितला.

मी पेणच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात सर्व्हिस बघते. लॅपटॉप, प्रिंटर, घरची-ऑफिसची नेटवर्क. वडील खारेपाटात मिठागरावर राबले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, बी.एस्सी. आयटी. हे मी कुणी न विचारताही सांगते, आणि का सांगू नये?

वैशाली पेणजवळच्या जोह्याच्या एका गणपती कारखानदाराची सून. बी.कॉम. झालेली. नवरा रोह्याला कंपनीत शिफ्टला. हिला घरबसल्या काम मिळालं होतं, एका कॉल सेंटरचं. लोकांच्या वॉशिंग मशिन बिघडतात, ते फोन करतात, ही ऐकून घेते. लॅपटॉप कंपनीचा. नोकरी अजून ट्रायलवर. दोनदा चालू कॉलमध्ये तिचं नेट तुटलं होतं. आज सुपरवायझर दोन तास सगळे कॉल ऐकणार होता. तिसऱ्यांदा तुटलं की विषय संपला.

त्याआधी मी तिथे दोनदा जाऊन आले होते आणि दोन्ही वेळा फॉर्मवर 'ओके' लिहून सही केली होती. माझी खरी भीती ती होती.

पहिल्या खेपेला मी रीतसर सगळं तपासलं. बाहेरून येणारी फायबरची लाईन ठीक. राउटर, म्हणजे त्या लाईनचं नेट हवेत पसरवणारी डबी, तोही ठीक. राउटर घराच्या पुढे, कारखान्याच्या शेडमध्ये भिंतीवर. मध्ये एक लांब खोली. तिच्यामागे वैशालीची खोली. शेडला लागून स्वयंपाकघर आहे, पण भिंतीपलीकडे रंगाच्या गनचा कंप्रेसर धडधडतो. कॉलमध्ये तो आवाज गेला की वेगळी वॉर्निंग. म्हणून ती मागे बसायची.

वैशालीच्या सासूबाई तेव्हा चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पाऊस आला का जातं बघ गो तुमचं नेट."

मला वाटलं, बाहेरच्या जोडात पाणी शिरतंय. मी जोड बदलला, वर प्लास्टिकची पेटी बसवली. दुसऱ्या खेपेला राउटरचा चॅनेल बदलला. शेजारच्यांचे राउटर एकाच वाटेने बोलायला लागले की गोंधळ होतो, म्हणून आपली वाट बदलायची. लॅपटॉपमधलं वायफाय बॅटरी वाचवायला डुलकी घेतं, ती सोयही कंपनीच्या माणसाला फोन करून बंद करवली. खोलीत सिग्नल मोजला. हा आकडा उणे असतो. पन्नास-साठ आला तर छान, ऐंशीच्या पुढे गेला तर काही खरं नाही. अठ्ठावन्न आला. सही केली, स्कूटर काढली.

वायर लावून टाका, असं तुम्ही म्हणाल. लॅपटॉपला वायरची खाच नव्हती आणि यूएसबी कंपनीने बंद ठेवलेलं. मोबाइलच्या नेटवर त्यांचं सॉफ्टवेअर चालत नाही. वायफाय हा एकच रस्ता होता.

तीन वाजता टेस्ट सुरू झाली. बाहेर लख्ख ऊन. जुलैत असं ऊन पडलं की जोह्यात कुणी सोडत नाही. अख्खा गाव ओल्या मूर्ती घरापुढच्या खळ्यात मांडतो. येताना मी पाय जपत आले होते.

"नमस्कार सर, आपली काय तक्रार आहे?" वैशालीचा आवाज पहिल्या कॉलला थरथरत होता. तिसऱ्या कॉलला तो स्थिरावला. एका बाईंच्या मशिनचं झाकण उघडं होतं, ते लावल्यावर मशिन चाललं. वैशाली माझ्याकडे बघून हसली. फोनवर अठ्ठावन्न.

पावणेचारला खोलीत अंधारून आलं. पुढून वैशालीच्या सासऱ्यांचा, नानांचा आवाज आला.

"ए! गणपती आत घ्या! ए, चला!"

मग पावलांची धावपळ. चार कारागीर, नाना, सासूबाई, सगळे खळ्यातून फळीसकट मूर्ती उचलून मधल्या खोलीत आणत होते. तिथे दोन्ही बाजूंना जमिनीपासून छतापर्यंत मांडण्या. खालून वर भरत चालल्या. मी बघत होते, पण डोक्यात काही शिरत नव्हतं.

फोनवर चौसष्ट.

जोड परत गेला का? पण जोड गेला तर नेट बंद पडेल, सिग्नल उतरणार नाही. राउटर तिथेच, लॅपटॉप तिथेच. एकाहत्तर. मी मधल्या खोलीकडे बघितलं. शाडूच्या मूर्ती, सकाळी साच्यातून काढलेल्या, ओल्या काळ्या. ओली माती म्हणजे निम्मं पाणी, आणि वायफायला पाण्यासारखा वैरी नाही. राउटर आणि वैशाली यांच्यामध्ये ही माणसं पाण्याची भिंत बांधत होती.

सासूबाई बरोबर बोलल्या होत्या. पाऊस आला की नेट जात होतं. पावसाच्या पाण्याने नाही, गणपती आत आल्यामुळे. आणि मला हे कधी दिसलं नाही, कारण मी स्कूटरवर येते. पाऊस असला की दुकानातून फोन करते, "उघडल्यावर येते." मी उन्हात यायचे, तेव्हा मांडण्या रिकाम्या असायच्या.

मी धावत नानांकडे गेले. "नाना, इथं मूर्ती ठेवू नका. नेट तुटंल."

नाना दोन्ही हातांत फळी धरून उभे. "मग कुठं ठेवू? पावसात?"

"पुढं शेडमध्ये?"

"तिथं रंगाचा माल हाय. आन् ठेवलेल्या परत काढू? ओली मूर्ती सारखी हलवायची नाय. हादरा बसला का चीर जाते."

"अवो, पोरीची नोकरी जाईल," सासूबाई म्हणाल्या.

"मग माझा माल जाऊ दे?"

दोघंही खरं बोलत होते. बाहेर सर कोसळली. फोनवर सत्याहत्तर. आतून वैशालीचा आवाज, "सर, आपला आवाज तुटतोय, पुन्हा सांगता का?"

मूर्ती हलणार नव्हत्या. राउटरला हात लावला असता तर कॉल जागेवर तुटला असता. हलण्यासारखा लॅपटॉप तेवढा उरला. शेडचा पत्रा पावसाने वाजत होता, पण स्वयंपाकघरावर स्लॅब होता आणि त्याच्या दारातून राउटर समोर दिसत होता.

"नाना, कंप्रेसर बंद करा. एक तास."

गन धरलेला कारागीर म्हणाला, "गनमध्ये रंग सुकंल ना, म्याडम."

नानांनी फळी ठेवली, शेडमध्ये गेले आणि बटण दाबलं. धडधड थांबली.

मी कागदावर 'उठ, चालत बोल' लिहून वैशालीसमोर धरलं आणि लॅपटॉप उचलला. हेडसेटची वायर हातभर. मी पुढे, ती माझ्या पाठीला चिकटून, कॉल चालूच. मांडण्यांमधली वाट एका माणसाची. मी आडवी होऊन चालत होते, लॅपटॉप छातीशी, दोन्ही बाजूंना ओल्या सोंडा. लॅपटॉप पडला तर कंपनीचा, मूर्ती पडली तर नानांची, कॉल पडला तर वैशालीचा.

मध्यावर लॅपटॉपच्या कोपऱ्यातली वायफायची खूण पुसट झाली. एकच दांडी उरली. मग वैशालीच्या कानातला आवाज गेला. ती जागीच थांबली. तिच्या डोळ्यांवरून मला ते कळलं. पण ती पोरगी, समोरून काही ऐकू येत नसताना, शांतपणे म्हणाली, "हो सर, मी ऐकतेय. तुम्ही बोला."

आणि पुढे पाऊल टाकलं.

मीही टाकलं. कोपराला काहीतरी मऊ लागलं, खाली टप असा आवाज झाला. मागे बघायची हिंमत नव्हती. शेडच्या तोंडाशी आलो तशी दांड्या भरल्या. "हां सर, ड्रमचा आवाज येतोय का? किती दिवस झाले?" वैशाली बोलत राहिली. स्वयंपाकघरात सासूबाईंनी आधीच कुकर उतरवून ओटा पुसला होता. पाच वाजेपर्यंत त्या घरात कुणी पेलासुद्धा वाजवला नाही.

टेस्ट संपल्यावर मी मधल्या खोलीत गेले. एका मूर्तीचा आशीर्वादाचा हात जमिनीवर पडला होता. नाना तो तळव्यावर घेऊन बघत होते.

"नाना, माझ्याकडून..."

"ओलाच हाय, बसंल परत," ते म्हणाले. "दोनदा आलीस तेव्हा हिचं ऐकलं असतंस तर याचा हात शाबूत ऱ्हायला असता." आणि सासूबाईंकडे मान केली.

सोमवारी वैशालीचा फोन आला. पास. शेरा एकच होता, मागून आरडाओरडा ऐकू आला. त्याच आठवड्यात मी छताखालून, मांडण्यांच्या वरून, वायर नेऊन तिच्या खोलीत दुसरी वायफायची डबी बसवली. आता मधे गणपती असोत नसोत, काही फरक पडत नाही. दुकानात शेठना सगळं सांगितलं आणि आधीच्या दोन्ही फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहिलं, 'निदान चुकलं.' शेठ म्हणाले, "असं कोण लिहितं का?" मी म्हणाले, मी लिहिते.

शिकले ते इतकंच. बिघाड ज्या वेळी होतो त्या वेळी तिथे हजर राहायचं. आपल्या सोयीने गेलं की सगळं ओकेच दिसतं. त्या महिन्यात मी रेनकोट घेतला.