उपाशी पोटी, पण चहा धरून

सासूबाईंची थायरॉईडची गोळी हे माझं खातं. त्या उठल्या की उशाशी पाणी, गोळी आणि पाठोपाठ आल्याचा कडक चहा. यात मी कधी खंड पडू दिला नाही. तरी रिपोर्ट बिघडलेलाच यायचा, आणि त्या दिवसभर गळून पडलेल्या.

उन्हाळ्यात त्या पांढरकवड्याला धाकट्या जावेकडे गेल्या. जाऊ आरामात उठणारी. तिच्या स्वयंपाकघरात साखरेचा डबा रोज नव्या जागी. मला वाटलं, कंटाळून लवकर परततील. त्या उन्हाळाभर राहिल्या आणि तिथला रिपोर्ट चक्क चांगला आला.

"मी इथंच राहीन म्हणते," फोनवर आवाज तरतरीत. "इथलं पाणी मले मानवते."

पाणी! इतकी वर्षं मी केलं ते काय होतं? माझा नुसता जळफळाट झाला.

आमच्या यवतमाळला डॉक्टरांना दाखवायला आल्या, तेव्हा जाऊही सोबत होती.

"गोळी उपाशी पोटीच घेता ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो तं. फक्त चहा."

"चहा नाही चालत, आजी."

"चहानं कुठं उपास मोडते, डॉक्टरसाहेब?"

डॉक्टर हसले. चहा-दुधासोबत ही गोळी अंगी नीट लागत नाही, म्हणाले. आधी नुसतं पाणी, मग तासभर काही नको.

"मग पांढरकवड्याला कशी लागली?" मी विचारलं.

"ताई, आमच्याकडे दूधवालाच उशिरा येते," जाऊ म्हणाली. "त्यानं हाक मारली की मी उठते. आई तोवर गोळी गिळून चहाची वाट पाहत बसून राह्यतात."

म्हणजे तिचा आळस औषधाला मदत करत होता आणि माझा वेळेवरचा चहा आडवा येत होता. वर ती हे इतक्या साधेपणानं सांगत होती की भांडताही येईना.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आई, आता घरी चला. तासभर चहा देणार नाही."

"तुह्यानं होईन काय? तू तं कप घेऊन उभीच राह्यते."

जाऊ फिसकन हसली. पण सासूबाई आल्या.

आता गोळीनंतर मी गॅस पेटवत नाही, त्यांच्यापाशी बसते. हाताशी चहा नसला की त्यांना बोलायला लागतं, आणि विषय एकच.

"धाकटी रोज पाय चेपून देत होती माहे," परवा म्हणाल्या.

"इकडे करा," मी म्हटलं, आणि त्यांचे पाय मांडीवर ओढून घेतले.