सायखेड्याच्या रायफलीवरची पितळी चकती

सायखेड्यातल्या त्या घरात रायफल देवघराच्या भिंतीला दोन खुंट्यांवर असे. नळी वेल्ड करून बंद केलेली; निकामी केल्याचा सरकारी कागद शेजारीच फ्रेममध्ये. घरमालक फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आता ऐंशीच्या घरातले. ही थ्री नॉट थ्री आजोबांनी पहिल्या महायुद्धात वापरली, असं घरात सांगत आले होते. एक लष्करी संग्रहालय ती घ्यायला तयार होतं. सुभेदारांना तिच्याखाली आजोबांच्या नावाची पाटी हवी होती. संग्रहालयाने आधी लेखी अहवाल मागितला. जुन्या बंदुकांवर मी बरीच वर्षं लिहितो, संग्राहक तपासणीला बोलावतात. सुभेदारांनीही बोलावलं.

ओट्यावर चादर टाकून रायफल ठेवली. मॅगझिनवर सरकणारी पोलादी पट्टी होती. ती आत ढकलली की मॅगझिन बंद होतं आणि शिपायाला एकेक गोळी हाताने भरावी लागते. डाव्या अंगाला फार लांबच्या नेमासाठी छोटी तबकडी होती. युद्ध लांबलं, रायफली भराभर हव्या झाल्या, तेव्हा हे दोन्ही भाग गाळले गेले. पुढे दुरुस्तीत जुन्या रायफलींवरूनही ते निघाले. म्हणून ते जागेवर दिसले की संग्राहक थांबतो. पण असे भाग मागाहून बसवताही येतात. त्यामुळे बोल्ट, नळी, नेमाची पट्टी आणि तोंडाकडची टोपी यांवरचे क्रमांक ताडून पाहिले. सगळीकडे एकच क्रमांक होता. स्क्रूंच्या खाचाही शाबूत, म्हणजे ते कुणी खोललेले नव्हते.

"म्हणजे अस्सल?" सुभेदारांनी विचारलं.

"युद्धाच्या सुरुवातीचीच. सुटे भाग गोळा करून जोडलेली नाही."

त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितला.

दस्त्याच्या उजव्या अंगाला पितळी चकती होती. पलटणीची खूण आणि रायफलीचा तिथला आकडा अशा चकतीवर ठोकलेला असतो. मी भिंग धरलं. चकती आरशासारखी गुळगुळीत होती.

"ही कशाने घासता?"

"चिंच आणि राख. वरून मऊ फडकं. दर दसऱ्याला, शस्त्रपूजेच्या आधी. आमच्या घरात पितळ काळं पडलेलं चालत नाय." त्यांनी माझ्या भिंगाकडे पाहिलं. "का हो?"

घासून घासून खूण झिजून गेली, आता रायफल आजोबांच्या पलटणीची होती हे दाखवता येणार नाही, असं मी सांगितलं. ते खुर्चीत बसले.

पुतण्या दारात उभा होता. अंबडला त्याचं वर्कशॉप आहे. "काका, त्यात काय एवढं! माझ्याकडे आकड्यांचे पंच हायेत. ठोकून देतो."

"नव्या खुणेच्या कडा धारदार दिसतात," मी म्हणालो.

"मग परत घासू की! घासण्यात आपलं घराणं लय पटाईत."

"शहाणा हायेस," सुभेदार म्हणाले. "आकडा कोणता ठोकशील?"

आकडा घरात कुणालाच माहीत नव्हता.

सुभेदारांनी नामपूरला दिलेल्या थोरल्या बहिणीला फोन लावला. स्पीकर चालू ठेवला.

"अक्का, रायफलीची चकती लहानपणी तू घासायचीस. वर काय होतं?"

"होतं काहीबाही बारीक. चिंचेचा चोथा अडकायचा त्यात. काडीने काढावा लागायचा."

"अगं, पण काय लिहिलं होतं?"

"मला विचारतोस? शाळेत तू गेलास. तू वाचायचंस."

फोन ठेवल्यावर त्यांनी चकतीवरून अंगठा फिरवला. मी अहवाल लिहायला घेतला. रायफल युद्धाच्या सुरुवातीची, भाग मूळचे. पलटणीची खूण झिजलेली, वाचता येत नाही. त्याखाली 'कुटुंबाच्या सांगण्यानुसार' असं लिहून मग आजोबांचं नाव. संग्रहालय पाटीवरचा मजकूर यातूनच घेणार होतं.

सुभेदारांनी कागद हातात घेतला आणि 'सांगण्यानुसार'वर बोट ठेवलं. "हे काय? चौकशी चालल्यासारखं."

"मी पाहिलेलं नाही, एवढाच अर्थ."

"काढता येणार नाही?"

"नाही."

चहा आला. त्यांनी कप बाजूला सरकवला.

"मग राहू द्या. पण आधी नाव येऊ द्या. हे शब्द मागून येऊ देत."

मी ओळ फिरवून लिहिली. त्यांनी ती वाचली आणि रायफल चादरीत गुंडाळायला घेतली.