जावयाचा अल्बम

धोंड्याच्या महिन्यात लग्नं लागत नाहीत, म्हणून लातुरातले डीजेवाले त्या महिन्यात एकतर सेट दुरुस्त करतात, नाहीतर बायकोशी भांडतात. व्यंकटी दोन्ही करायचा. शिवाय लेक-जावयाला जेवायला बोलावणं आलंच.

जावई उमाशंकर पुण्यात नोकरी करायचा आणि फावल्या वेळात कॉम्प्युटरवर संगीत रचायचा. ज्यावर नाचता येत नाही ते संगीत नव्हे, असं व्यंकटीचं स्वच्छ मत होतं. पण या महिन्यात जावई म्हणजे नारायण, आणि नारायणाला शिव्या घालता येत नाहीत.

"मामा, यंदा चांदी नको," उमाशंकर म्हणाला. "माझा अल्बम आलाय. तुमच्या सेटवर एकदा ऐकू."

व्यंकटीला चांदी स्वस्त वाटली. गेल्या हंगामात औशाच्या एका वरातीत आवाज कानात टोचतो अशी तक्रार आली होती. औशावाल्यांना अक्कल नाही, असा निकाल त्यानं जागेवरच दिला होता. पण तो निकाल त्याला स्वतःलाच अजून पुरता पटला नव्हता. सगळा धंदा त्याच्या कानावर होता. मिक्सरच्या बटणाला तो दुसऱ्या कुणाचं बोट लागू देत नसे.

गोदामात एकच बॉक्स लावला. बायको कावेरीबाई पुरणाचं सोडून पिठाच्या हातांनी येऊन बसली, शेजारी लेक अंबिका. म्हैस रवंथ करते त्या बेतानं बेस सुरू झाला.

"चालू कवा होणार?" व्यंकटीनं विचारलं.

"झालाय, मामा."

पुढच्या तुकड्यात बेसही थांबला. व्यंकटी वाट बघत राहिला. अंबिकेनं डोळे मिटले होते. कावेरीबाईचं पिठाचं बोट गुडघ्यावर कशाला तरी ठेका धरत होतं.

"बंद पडलं," तो म्हणाला.

"वाजायलंय की! लई बारीक, काकणावानी," कावेरीबाई म्हणाली.

म्हणजे बारीक आवाज काढणारा ट्विटर उडाला. दुसरं काही असणं शक्य नव्हतं. त्यानं पेचकस घेतला, बॉक्सची पाठ उघडली आणि ट्विटरची वायर सोडवली. कावेरीबाईचं बोट थांबलं. वायर टेकवली. बोट चालू झालं. त्यानं पुन्हा सोडवली, पुन्हा टेकवली. बोट इमानदार होतं. व्यंकटीला दोन्ही वेळा गोदामाच्या पत्र्याला येईल तेवढंच ऐकू आलं.

"फाइल खराब हाय तुमची," त्यानं जावयाला सांगितलं.

"बाबा, पुण्याला चला, कान दाखवू," अंबिका म्हणाली.

"कान दाखवायला न्हाईत मला, ऐकायला हाईत. आन् हे ऐकायजोगं न्हाई."

"मामा, औशावाले खोटं बोलत नव्हते," उमाशंकर म्हणाला. "तुम्हाला बारीक आवाज ऐकू येत नाही म्हणून तुम्ही ट्रेबल वाढवता. लोकांच्या कानाला भोक पडायची वेळ आली."

औशाची गोष्ट पुण्यात कुणी पोचवली हे विचारायची गरज नव्हती. अंबिका जमिनीकडे बघत होती.

"महिना सरू द्या," व्यंकटी म्हणाला. "मग तुमच्याशी बोलतो. सासऱ्यावानी न्हाई, डीजेवाल्यावानी."

पण महिना सरायच्या आधी दुपार झाली. पाट मांडले, ताम्हण आलं. ज्यानं बहिरा म्हटलं त्याचेच पाय धुवायचे होते. व्यंकटी गुडघ्यावर बसला. तांब्या त्याच्या हातात होता, आणि तो जावयाच्या डोक्यात घालायचा विचार त्याच्या मनात दोनदा येऊन गेला.

"पाणी सावकाश सोडा!" कावेरीबाई ओरडली.

ही बाई जन्माची भांडकुदळ, हे सगळ्या भावकीला त्यानंच सांगितलेलं होतं. मग ती उमाशंकरकडे वळून काहीतरी बोलली. ओठ हलले, गळ्याची शीर जागची हलली नाही, आणि जावयानं मान डोलावली. पुन्हा ती व्यंकटीकडे वळली, तशी शीर टरारून फुगली.

"अंगठ्यावर न्हाई पडलं!"

अंबिकाही त्याच्याशी अशीच बोलायची. शेजारीही. आपल्या घरादारात माया नाही, असं तो बरीच वर्षं धरून चालला होता. त्यानं तांब्या सरळ धरला, धार थांबली. तिघं त्याच्याकडे बघत होते.

"वरडू नको माझ्यावर," तो म्हणाला.

कावेरीबाईनं आवाज खाली आणला. तिचे ओठ बराच वेळ हलत राहिले.

"आता कसं," व्यंकटी म्हणाला, आणि दुसऱ्या पायावर पाणी सोडलं.