मोहाला केलेलं औषध

पावसाळा लागला की शाळावाले मला बोलावतात. निवृत्त रेंजर, जंगलावर दोन शब्द बोला म्हणतात. मी बोलतो. नुसती झाडं लावू नका, आहेत ती राखा, सागाच्या ओळी म्हणजे जंगल नव्हे, ज्यांचं पोट जंगलावर आहे त्यांना आधी विचारा. पोरं टाळ्या वाजवतात आणि त्या दिवशी मला घरी जेवण जात नाही. कारण हे शहाणपण मी एका म्हातारीचं वाटोळं करून मिळवलंय.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. इंझोरीच्या पलीकडच्या जंगलात मी नवा रेंजर होतो. अंगावर खाकी आणि डोक्यात साग, बाकी काही नाही. सागाला ऊन हवं, म्हणून त्याच्यावर सावली धरणारी झाडं मारायची. त्याची सोपी रीत होती. खोडाभोवती वीतभर रुंद साल गोल सोलून टाकायची, पार आतल्या लाकडापर्यंत. मग झाड उभ्या उभ्या वर्ष-दोन वर्षांत वाळतं. मोहाचं झाड मात्र सोलायचं नाही, असा वरून स्पष्ट हुकूम होता.

आता नेमका एक मोठा मोह माझ्या सागाच्या रोपांवर पसरलेला. बडे साहेब पाहणीला यायचे होते आणि मला माझ्या ओळी दाखवून शाबासकी हवी होती. हाताखालचा नाकेदार, म्हणजे वनरक्षक, म्हणाला, "साहेब, हा म्हातारीचा मोह हाये. राहू द्या."

"जंगल सरकारचं की म्हातारीचं?" मी खेकसलो आणि साल सोलून घेतली.

त्या वस्तीत घरोघरचे मोह ठरलेले असत. दुसऱ्याच्या मोहाखालचं फूल कोणी उचलत नसे, मग ते सडून का जाईना. या म्हातारीला ना मूल ना बाळ. सासूकडून आलेले दोन मोह, तेवढीच तिची शेती. वाळवलेली फुलं तिला पावसाळाभर पुरायची.

दुसऱ्याच दिवशी ती माझ्यापुढे उभी. "काहून वो साहेब, माह्या झाडाची साल काहून काढली?"

खरं सांगायला जीभ रेटली नाही. तोंडातून निघून गेलं, "औषध केलंय, आजी. रोग होता झाडाला."

"बरं झालं बाप्पा," ती म्हणाली. "तुमी शिकलेले मानसं. आमाले काय समजते!"

चैतात तो मोह असा फुलला की मी तसा मोह पुन्हा पाहिला नाही. म्हातारी पहाटेपासून टोपल्या भरत होती. मला मात्र त्याचा अर्थ ठाऊक होता. मरणारं झाड कधीकधी असं फुलतं, हे मी शिकलो होतो. दोन दिवसांनी ती चौकीवर आली. भाजलेली मोहफुलं तिळासोबत कुटून पानाच्या द्रोणात आणली होती. "खा साहेब, तुमच्या औषधाचे फुलं हायेत." मी खाल्ली. चांगली लागली म्हणून आणखी मागितली. काय माणूस होतो मी!

पुढचे आठ दिवस मी तिच्या वस्तीची वाट टाळली. शेवटी ठरवलं, जाऊन सांगून टाकायचं. वस्तीवर गेलो तर म्हातारी घरी नव्हती, तिच्या दुसऱ्या मोहाखाली होती. हातात कुऱ्हाड. खोडाभोवती वीतभर साल गोल सोललेली, अगदी माझ्या मजुरांनी सोलावी तशी साफ.

"तुमाले कायले तरास," ती हसत म्हणाली. "म्या सोताच केलं औषध. येत्या साली हाही तसाच फुलंन."

 मी वेड्यासारखा धावलो, ओढ्याकाठची माती आणली, शेण आणलं, सोललेल्या जागी थापायला लागलो. उपयोग नाही हे कळत होतं. तिनं फार खोल सोललं होतं. तिला वाटलं मी औषध पुसतोय. "असं काहून करून राह्यले, साहेब?"

"आजी, मी खोटं बोललो. ते औषध नव्हतं. मारायसाठी सोललं होतं. तो मरणार आणि आता हाही मरणार."

तिनं सोललेल्या खोडावरून हात फिरवला. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मंग तो इतका फुलला काहून?"

"मरायच्या आधी फुलतं, आजी."

"अन् हे तुमाले तवा मालूम होतं? मी फुलं घेऊन आली तवा?"

"होतं."

तिनं माझ्या शेणामातीच्या हातांकडे पाहिलं. "अन् तरी तुमी खाल्ले?"

खाल्ली होती. मागून मागून खाल्ली होती.